शटर खाली, प्लॉट नावावर

मा. उद्योगमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. शेजारच्या शेडमध्ये सरकारी सवलती होत्या तोवर तीन पाळ्या चालायच्या. मुदत संपली आणि महिन्याभरात यंत्रे ट्रकवर चढली. आज शटरच्या फटीतून पिंपळ उगवलाय. प्लॉट मात्र अजून त्याच मालकाच्या नावावर.

साहेब, धोरणाच्या पोटात कोणता ना कोणता सिद्धांत असतोच, धोरण लिहिणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये तुलनात्मक लाभ, म्हणजे ज्यात आपण तुलनेने जास्त सरस तेच करावे, हे समजावताना उदाहरण घेतले ते पोर्तुगालचे, म्हणजे तेव्हाच्या आमच्या मालकांचे! त्याच्या हिशेबात पोर्तुगालला कापडासाठी ९० माणसे लागतात, वाइनसाठी ८०. इंग्लंडला १०० आणि १२०. दोन्हींत पोर्तुगाल सरस, तरीही त्याने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे. हिशेब चोख आहे. फक्त वाइन करता करता पोर्तुगीज कारागीर कोणते नवे कसब शिकला, हे त्यात विचारलेलेच नाही.

आपणही तेच केले. तांबडे लोहखनिज बार्जमधून मुरगाव बंदरात, तिथून आधी जपानला, मग चीनला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते चालूच.

रिकार्डोच्या उलट जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्टचे म्हणणे. कोवळ्या उद्योगाला जकातीचे कुंपण घाला, असे त्याने १८४१ मध्ये लिहिले, पण तो पायावर उभा राहीपर्यंतच. दक्षिण कोरियाने तर स्वस्त कर्ज निर्यातीच्या आकड्याला बांधले. भारताने १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून कुंपण उभारले, काढायचे कधी ते ठरवले नाही. १९९१ मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली तेव्हा ते घाईघाईने मोडले. केंद्राच्या २०२० च्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन) योजनेत निदान विक्री वाढल्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

राज्याच्या सवलतींनाही अशी अट लावा. किती वर्षे, किती स्थानिक पोरांना काम शिकवले, आणि चुकल्यास प्लॉट परत, हे आदेशातच लिहा. कोणाला काय मिळाले ते संकेतस्थळावर टाका.

माझ्याकडे आयटीआयची दोन मुले शिकताहेत. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन घ्यायचे मनात आहे, बँकही तयार आहे. बसवायला जागा नाही. शेजारची शेड तेवढी पुरे.

आपला,
कुंडईचा एक लघुउद्योजक