मंत्री महोदय, शाल मिळाली. केंद्र कुठे आहे?

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात, इंदूरला स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, रुग्णांसाठी दिवसभराचं देखभाल केंद्र सहा महिन्यांत सुरू करतो, असं आपण माइकवरून सांगितलंत. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. माझ्या यजमानांना हाच आजार आहे. त्यांना आपल्या हस्ते शाल मिळाली. ती त्यांनी तिथल्या तिथे शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना देऊन टाकली. आपण हसलात, फोटो छान आला. सहा महिने केव्हाच उलटून गेले. आपल्याला कामं पुष्कळ असतात, हे मी समजू शकते, म्हणून इतके दिवस गप्प होते.

गेल्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही. मला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. मुलगा परदेशात, दीर नव्वदीला टेकलेले. म्हणून यांना थोड्या दिवसांसाठी एका खाजगी वृद्धाश्रमात ठेवलं. पैसे आगाऊ घेतले, पावती कच्ची. आणायला गेले तर दोन्ही मनगटांवर वळ. ओढणीने पलंगाला बांधून ठेवलं होतं. का, तर ‘अंकल बार बार गेट पे जाते थे.’ रात्री कुठलीशी गोळीही देत होते. नाव विचारलं तर ‘नींद की’ म्हणाले. डिमेन्शियाच्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिली की मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. इथे कोणाच्या गावी आहे ते?

गेटवर का जात होते, ते सांगते. हे इंदूरच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, होते. तिन्हीसांजा झाल्या की यांची पाळी सुरू होते. शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत लावतात, खिशात पेन अडकवतात, डब्याची पिशवी मागतात. पिशवी रिकामी असली तरी चालते, पण हातात हवी. ‘अहो, गिरणी कधीच बंद झाली’ म्हटलं की अंगावर येतात. आयुष्यात ज्या माणसाने आवाज चढवला नाही, त्याने मागच्या दिवाळीत माझ्यावर पितळी तांब्या फेकला. कपाळावरची खूण डोळ्यांच्या डॉक्टरांनीही विचारली. काय सांगायचं?

त्या ओढणीवाल्या मुलीवर माझा फारसा राग नाही. एवढीशी पोर, एका मजल्यावर ती एकटी. तिला कोणी शिकवलंय का, की अशा माणसाशी वाद घालायचा नसतो?

शिकवलेली माणसं काय करतात, ते मी पुण्याला भावाकडे राहिले होते तेव्हा पाहिलं. यांना तिथल्या एका केंद्रात दिवसभर सोडायचे. संध्याकाळी हे निघाले की तिथली ताई म्हणायची, ‘साहेब, पाळीला वेळ आहे अजून, चला चहा घेऊ,’ आणि यांच्याबरोबर चालायला लागायची. फिरायची वाट अशी गोल, की कुठे बंद दार समोर येत नाही. दोन फेऱ्यांत राग उतरायचा. यांना एक जुनं हजेरी रजिस्टर दिलं होतं. त्यात हे तासन् तास आकडे मांडायचे. आंघोळीला ओढाओढ नाही. टॉवेल आधी यांच्याच हातात, पाणी आधी पायावर. पांढऱ्या ताटातला पांढरा भात यांना दिसत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तिथे रंगीत ताट होतं, हे पोटभर जेवले. एकदा अचानक फार बिथरले, तर नर्सने डॉक्टरांना सांगून आधी लघवी तपासून घेतली. इन्फेक्शन निघालं, औषधाने चार दिवसांत उतार पडला. इथे त्याच अवस्थेला ‘अब तो ऐसा ही रहेगा’ म्हणतात.

आजार बरा होत नाही, हे मला कोणी समजावू नये. पण यांचे दिवस सुखाचे गेले आणि मी रात्री झोपले. हे सरकारी भाषेत कुठल्या रकान्यात बसतं?

देशात साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, एकूण ८८ लाख, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. आपल्या शहरात साठीच्या वरचे तीन लाख तरी धरा. म्हणजे वीस हजारांच्या पुढे. हिशेब ढोबळ आहे, टाइम ऑफिसवाला आता मदत करत नाही. आपल्याकडे नेमका आकडा असेल तर छापा. केरळने २०१४ साली स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. डिमेन्शियाचा जागतिक आराखडा २०१७ साली ठरला, तेव्हा देशांनी आपापला आराखडा करायचं कबूल केलं. आपला कुठे आहे? मला विचाराल तर आपला आराखडा म्हणजे मी. घरची बाई आहे ना, बिनपगारी, बिनरजेची. मग खर्च कशाला करायचा?

सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड दिलंत, उपकार आहेत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. यांना भरती करायचं नाहीये, मंत्रीजी. यांना रोज संध्याकाळी कोणी समजूतदार माणूस हवा आहे. घरी येणारी बाई ‘बाबूजी, बैठो’ म्हणते. हिंदी यांची जवळजवळ गेली, आता मराठीच उरली. हे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. बाई पुरवणारा ब्युरोवाला मात्र बारा तासांचे पैसे मोजून घेतो.

२००७ च्या कायद्यात लिहिलंय की म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचून बरं वाटलं. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरात महापालिकेच्या गाडीतून निराधार म्हाताऱ्यांना शहराबाहेर शिप्रा गावाजवळ नेऊन उतरवलं होतं. व्हिडिओ निघाला, गावकऱ्यांनी अडवलं, म्हणून परत आणलं. एक अधिकारी निलंबित झाला. बाकी शहर २०१७ ते २०२३ दरवर्षी देशात स्वच्छतेत पहिलंच आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि ज्यांचा आता उपयोग नाही ते गाडीत.

उशीर ही तर आपल्या व्यवस्थेची रीतच. इथली हुकुमचंद मिल ही कापड गिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटींचा धनादेश निघाला २०२३ च्या डिसेंबरात. तोवर किती जण गेले आणि किती जणांना हे पैसे कसले तेच उमगलं नसेल. यांची गिरणी दुसरी. पण असे म्हातारे आमच्या रामबागेतही आहेत, बाहेरगावी राहणारी मुलं त्यांचे फॉर्म भरतात.

माझं मागणं लहान आहे. नवी इमारत नको. शहरात समाजमंदिरं पुष्कळ बंद पडून आहेत, त्यातलं एक द्या. पैसा माणसं तयार करण्यावर घाला, पगार असा द्या की ती पोर टिकेल. त्यातली दोन-चार मराठी बोलणारी असू द्या. आणि जे आश्रम अशा रुग्णांना पैसे घेऊन ठेवतात, तिथे आगाऊ न कळवता कोणाला तरी पाठवा. मनगटं बघायला सांगा.

‘आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे’ एवढंच उत्तर येणार असेल, तर टपाल खर्च वाचवा. तसलं एक माझ्याकडे आधीच आहे. त्यावर यजमानांच्या नावापुढे ‘स्वर्गीय’ छापलंय, ते तेवढं दुरुस्त करून पाठवा.

आपली,
रामबाग, इंदूर येथील एक ज्येष्ठ नागरिक