लेकीस पत्र: अन्न कुठून येते?

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

घरातला किराणा आता तू स्वतः भरतेस आणि घेतलेली वस्तू कुठून आली हे पाहण्याचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र वेष्टने वाचून वाचून आता कशावरच विश्वास बसत नाही, असेही तू लिहिले आहेस. त्याची मला काळजी वाटते, कारण सगळ्यावरच संशय घेऊ लागलीस तर लवकरच थकशील आणि पुन्हा डोळे मिटून खरेदी करू लागशील.

वेष्टनावरच्या देशाच्या नावापासून सुरुवात करते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारा कोडेक्स एलिमेंटेरियस आयोग १९६३ पासून काम करतो. लेबलांविषयीच्या त्याच्या मानकानुसार, दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचे स्वरूपच बदलले, तर प्रक्रिया करणारा देश हाच त्याचा मूळ देश मानला जातो. म्हणूनच जिथे कोकोचे एक झाडही उघड्यावर तग धरणार नाही अशा थंड देशाचे नाव चॉकलेटवर दिसते, आणि ते नियमाला धरूनच असते.

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, तोही बहुतेक लहान शेतांमधून. फळे तोडायची, फोडायची, पांढऱ्या गरासकट बिया काढून केळीच्या पानांखाली ढीग घालायचा, पाच-सहा दिवस त्या आंबू द्यायच्या आणि मग उन्हात पसरून, वरचेवर हलवत वाळवायच्या. आपल्याला ओळखीची असलेली चॉकलेटची चव याच आंबण्यात आकार घेऊ लागते. पुढे पोती दलालाकडे गेली की अनेक शेतांचा माल एकत्र होतो आणि कोणते बी कोणाच्या शेतातले हे सांगता येत नाही. चॉकलेट उद्योगाने २००१ मध्ये हार्किन-एंगल करारावर सह्या करून, कोकोच्या शेतांवरील बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. शिकागो विद्यापीठाशी संलग्न एनओआरसी या संस्थेच्या २०२० च्या अहवालाने या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे १५.६ लाख मुले कोकोच्या कामात बालमजुरी करत असल्याचा अंदाज दिला. हा आकडा वाचल्यापासून चॉकलेटची वडी हातात घेताना तो मला आठवतोच, आणि तो आठवावा असेच मला वाटते.

माल ठरावीक निकषांनुसार पिकवला आहे असे प्रमाणित करणाऱ्या फेअरट्रेड किंवा रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थांच्या शिक्क्यांबद्दल तू विचारले होतेस. कोकोच्या बाबतीत प्रमाणित आणि साधा माल एकत्र मिसळण्याची मुभा अनेकदा असते. जितका प्रमाणित माल खरेदी केला तितक्या प्रमाणातच शिक्का वापरायचा, एवढे बंधन असते. त्यामुळे शिक्का खोटा ठरत नाही, कारण प्रमाणित शेतकऱ्याकडून तेवढी खरेदी झालेली असते. पण तुझ्या हातातल्या वडीत त्याच्याच शेतातले बी असेल याची खात्री मिळत नाही. ही तडजोड मला मान्य आहे, फक्त ती वेष्टनावर स्पष्ट लिहिलेली असावी.

जवळपास पिकलेलेच घ्यायचे, हा तुझा निश्चय चांगला आहे, पण त्यावरच थांबू नकोस. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के आहे. म्हणजे पदार्थ किती लांबून आला यापेक्षा तो कोणता आहे आणि कसा पिकवला, याचे वजन अधिक. विमानाने येणारा नाशवंत माल हा त्याला ठळक अपवाद.

पाम तेलावर सरसकट बहिष्कार घालण्याआधीही थोडे थांब. त्यासाठी वर्षावने तोडली गेली हे खरे आहे. पण एका हेक्टरातून या झाडाइतके तेल दुसरे कोणतेही तेलबियांचे पीक देत नाही, त्यामुळे सगळ्यांनी दुसऱ्या तेलाकडे मोर्चा वळवला तर त्याहून अधिक जमीन नांगरावी लागेल. ते तेल कोणत्या जमिनीवरून आले, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

म्हणून एका वेळी एकच जिन्नस धर, शक्यतो तू वरचेवर घेतेस तो, आणि त्याच्या कंपनीला सरळ पत्र लिही. माल कोणत्या भागातून येतो, शेतापर्यंत त्याचा माग लावता येतो का, आणि शेतकऱ्याला बाजारभावाहून काही अधिक मिळते का, एवढे विचारलेस तरी पुरे. उत्तर आले की मला पाठव. त्यात शेतकऱ्यांच्या एखाद्या सहकारी संस्थेचे नाव दिले आहे की नुसते देशाचे, हे मला पाहायचे आहे.

तुझी,
आई