आई-बाबा, मी सिक्कीमला जायला हो म्हटलंय

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई ‘जेवलीस का’ विचारते. म्हणून हे लिहून पाठवतेय. मी सिक्कीमच्या कामाला हो म्हटलंय. सही करून कागद परत पाठवले. गणपती ठाण्यात तुमच्याजवळच करीन आणि विसर्जन झालं की निघेन. करार दोन वर्षांचा आहे, पण दिवाळीला सुट्टी मिळणार हे मी आधीच त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

बाबा, धरणाचं नाव निघालं की तुम्ही उठून गॅलरीत जाता. आज तेवढं उठू नका, काम काय आहे ते वाचा.

उत्तर सिक्कीममध्ये चुंगथांग नावाचं गाव आहे. लाचेन आणि लाचुंग या नद्या तिथे भेटतात आणि पुढे तिस्ता होते. गावाला लागूनच १२०० मेगावॅटच्या वीजप्रकल्पाचं ६० मीटर उंच धरण होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात, ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री, पाच हजार मीटरच्याही वर असलेल्या साउथ ल्होनाक सरोवराच्या कडेचा गोठलेला उतार पाण्यात कोसळला. लाट उठली. सरोवर ज्या दगडमातीच्या बांधामागे साठलं होतं, तो हिमनदीनेच आणून टाकलेला, कुणी बांधलेला नव्हे. तो फुटला आणि पाणी, दगड, चिखल असं सगळं साठेक किलोमीटर खाली चुंगथांगला येऊन आदळलं. दरवाजे उघडायला वेळ मिळाला नाही. धरण पुढे काँक्रीटचा पडदा आणि मागे दगडांचा भराव असं होतं. अशा धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिलं की भराव खचत जातो. ते सगळंच वाहून गेलं, आणि खाली सिंगताम, रंगपोपर्यंत घरं, पूल, माणसं गेली.

हे सरोवर धोक्याचं आहे, असं अभ्यासकांनी कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं. २०१६ मध्ये पाइप टाकून त्यातलं पाणी कमी करायचा प्रयत्नही झाला होता. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. फक्त खाली झोपलेल्या माणसाच्या दारापर्यंत ते वेळेत पोचलं नाही. माझं काम त्या वेळेचं आहे. भोंगे कुठे बसवायचे, नदीच्या आवाजात ते कुठल्या वस्तीपर्यंत ऐकू जातात, वीज गेली आणि मोबाइलचा टॉवर पडला तर निरोप कोण नेणार, रात्री पावसात म्हाताऱ्या माणसांनी कुठल्या वाटेने वर चढायचं. गावागावांत बसून हे ठरवायचं आणि लोकांबरोबर त्या वाटेने चालून बघायचं. लाचेन, लाचुंगला गावचा कारभार जुमसा बघते, तिच्या प्रमुखाला पिपोन म्हणतात; त्यांच्या बैठकीत बसल्याशिवाय तिथे पान हलत नाही, असं सगळे सांगतात. मला ते आवडलं. नकाशा घेऊन बाहेरून आलेल्या माणसाने आधी ऐकून घ्यायलाच हवं.

तिथे आता नवं धरण यायचं आहे, पूर्ण काँक्रीटचं, ११८ मीटरहून उंच. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २०२५ च्या जानेवारीत तशी शिफारस केली. तिथल्या बऱ्याच लोकांचा त्याला विरोध आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. आधी वरच्या सरोवरांवर नीट पहारा बसवा, खालच्या गावांना इशारा पोचेल असं करा, मग भिंतीचं बोला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात जुन्या धरणांसाठीही आपत्कालीन कृती आराखडा करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. आराखडा कागदावर होईलही. चढाची वाट पायाखालची व्हायला मात्र कुणीतरी तिथे जाऊन राहावं लागतं.

बाबा, तुम्ही म्हणाल की कोयना उभी राहिली. राहिली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा तो भूकंप. १०३ मीटरची ती भिंत हलली, वरच्या भागात तडे गेले, तरी पाणी धरून राहिली. पुढे तडे भरले, मागच्या बाजूने टेकू देऊन तिला जाड केलं. जगभरच्या अभ्यासात आज त्या तड्यांची चित्रं आहेत, मीही त्यावरूनच शिकले. आण्णांच्या खोलीचं चित्र त्यात कुठे नव्हतं. माणसं गेली ती घरांखाली. तुम्ही अजून झोपताना दाराला कडी लावत नाही, चपला पलंगाशी ठेवता, उशाला बॅटरी असते. मी कधी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. पण मी या कामाकडे का वळले, ते तुमच्याइतकं कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

आणि आई, तिवरे फुटलं त्या रात्री, २०१९ च्या जुलैत, तू अलोऱ्याला मामाचा फोन लागेपर्यंत देवापुढे बसून होतीस. ते मातीचं लहानसं धरण, वीजबीज काही नाही. गळतंय म्हणून लोक आधीपासून सांगत होते. ऐकायला कुणीतरी हवं होतं ना ग?

आता माझी काळजी. मी राहणार मंगनला. ते नदीपासून पुष्कळ वर, डोंगराच्या अंगावर आहे. खोली मी फोटो मागवून बघितली: गिझर आहे, खिडकीत ऊन येतं, शेजारी घरमालकीण राहते. वरणभात तिथेही रोज असतो. गोडा मसाला आणि मेतकूट आईने द्यायचं, पण डबा भरून नको, वजन होतं. पावसात दरडी पडून रस्ता बंद होतो हे खरं आहे, लपवत नाही. तेव्हा आम्ही जिथे असू तिथेच थांबायचं असा नियम आहे. रोज रात्री नऊला फोन करीन. एखाद दिवशी नाही आला तर रेंज नसेल, लगेच बातम्या लावून बसू नका.

लहानपणी आपण कोयनानगरला गेलो होतो, दरवाजे सोडले होते तेव्हा. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि माझा पाय इतका घट्ट धरला होता की दुखत होता. मी रडले नाही, कारण बाबा रडत होते. तुम्ही म्हणालात, ‘भोंगा वाजला की नदीकडे पाठ आणि पाय वर, मनू.’ तेच शिकवायला चाललेय मी, बाबा. दुसरं काही नाही.

आता तुम्ही दोघांनी काय करायचं ते ऐका. बीपीची गोळी सकाळीच, नाश्ता झाल्यावर. बरं वाटतंय म्हणून आईने ती सोडायची नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही, कुणालाही. पाऊस असला की बाबांनी तलावपाळीची फेरी बंद ठेवायची, फरशीवर शेवाळ येतं. गॅलरीतल्या गॅलरीत चाला. जांभळी नाक्यावरून भाजीच्या दोन्ही पिशव्या बाबांनी एकट्याने आणायच्या नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन अजून टळलेलं नाही. दुपारच्या पोळीभाजीच्या डब्याचं मी बोलून ठेवलंय. आई, रागावू नकोस, तुझ्या हाताला काही झालं नाही, पण मला लांबून तेवढं समाधान हवं आहे. नको वाटला तर महिन्याने बंद कर. दादा शनिवारी डोंबिवलीहून येईल, त्याला काम सांगायला संकोच करू नका, त्याला आवडतं.

तुम्हाला एकटं टाकून जातेय असं मनात आणू नका. आणलंत तर मला सांगा, आतल्या आत ठेवू नका. नोकरीला नाही म्हणायचं वय माझं अजून आहे, पण या कामाला नाही म्हणवत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. आई, मोतीबिंदूची फाइल काढून ठेव, डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे. बाबा, बँकेत नॉमिनेशनची सही राहिली आहे, पासबुक आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवा, आपण दोघं जाऊन येऊ. जेवायला मी असेन, भात थोडा जास्त लाव.

तुमची,
मनू