त्या दहा दिवसांसाठी आभार

आईला दहा दिवस तुमच्या शुश्रूषा केंद्रात ठेवून निघाले, तेव्हा पाय निघत नव्हता. आपलं माणूस परक्यांच्या हाती सोपवल्याची टोचणी होतीच. तुमच्यापैकी कुणाचंच नाव मला धड ठाऊक नाही. पाळ्या बदलायच्या, चेहरे बदलायचे.

पहिल्याच दिवशी तुमच्यातल्या एकीने औषधांचा तक्ता बाजूला ठेवून विचारलं, "रात्री घाबरल्या तर कशाने शांत होतात?" तिला सांभाळतेय त्या तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. उजवा हात धरायचा, दिवा पूर्ण मालवायचा नाही, एवढंच मी सांगितलं. न्यायला आले तेव्हा ते तिच्या उशाशी कागदावर लिहून चिकटवलेलं होतं. शेजारी दर २ तासांनी कूस बदलल्याची नोंद, वेळेसकट. एकाच कुशीवर पडून राहिलं की उठतो तसा एकही लाल चट्टा पाठीवर नव्हता. (घरी पहाटेची कूस माझ्याकडून हमखास चुकते, कबूल करते.)

मी मात्र पहिले दोन दिवस नुसती झोपले. मग रखडलेली दाढ काढून घेतली. पाचव्या दिवशी जाणवलं, फोन वाजला की छातीत धस्स होत नाहीये.

आईला स्मृतिभ्रंश आहे. जागा बदलली की ती गोंधळेल, हे तुम्ही आधीच बजावलं होतं, म्हणून घरी आल्यावरच्या दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या सकाळी वेणी घालताना म्हणाली, "ती दुसरी मुलगी हळू विंचरायची."

त्या दुसऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगा.