रविवारी काय लावायचं

प्रिय मनू,

काल तू फोन कट केल्यावर बाबा म्हणाले, आता चार दिवस खोकल्याचं नाव काढू नकोस, ती चिडते. नाही काढणार. रविवारी जेवायला येणाऱ्या मुलींना वेस्टर्न क्लासिकलमधलं काय ऐकवू असं तू विचारलं होतंस, ते भांडणात राहूनच गेलं, म्हणून लिहितेय.

आधी एक, अख्खी सिम्फनी लावू नकोस. पाऊण तास कोण गप्प बसणार, त्यात तुझा राजमा गॅसवर. दहा मिनिटांच्या आतबाहेरचं लाव. मी तशीच तर शिकले, फोर्टात नोकरीला असताना लंच टाइम अर्ध्या तासाचा, डबा पटापट संपवायचा आणि काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाउस गाठायचं, तिथे उभ्याउभ्या जेवढं ऐकून होईल तेवढंच आपलं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा बाबा मुद्दाम रजा काढून माझ्याबरोबर आले होते, त्यांना यातलं काही कळत नाही तरी.

तर पहिला ड्वोरझाक या चेक संगीतकाराचा स्लाव्हॉनिक डान्स, ओपस ४६ (म्हणजे त्याच्या रचनांमधला ४६ नंबरचा संच) मधला आठवा. चारेक मिनिटांचा. सुरुवातच धडाक्यात, गप्पा आपोआप थांबतात. दोनाचे आणि तिनाचे ठोके असे एकमेकांत घुसतात की हातावर ताल धरायला गेलं की चुकायलाच होतं, मुलींना धरून बघायला सांग. हे डान्स १८७८ मध्ये त्याने आधी एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायला लिहिले होते, ऑर्केस्ट्रासाठी मागाहून केले. एकट्याने ऐकायची चीजच नाही ती.

फिनलंडच्या सिबेलियसचं वाल्स त्रिस्त, म्हणजे उदास वॉल्ट्झ, मी लिस्टमधून काढलंय. सुंदर आहे, पण ज्या नाटकासाठी लिहिलं त्यात आजारी आई अंथरुणातून उठून नाचते आणि दारात मृत्यू येऊन उभा राहतो. ते आत्ता नको. तू बरी झालीस की ऐक. झालीस ना बरी? रात्री झोपताना येतो का अजून? सितोपलादि मधातून घ्यायचं, पाण्यातून नाही, आणि पंधरा दिवस खोकला म्हणजे छातीचा फोटो काढायलाच हवा, तिथे इन्शुरन्स आहे, पैशाचा प्रश्न नाही, मग हयगय कसली हेच मला कळत नाही. सॉरी. सुरू झालं माझं लेक्चर.

मेंडेल्सझोनचं हेब्रिडीज मात्र लावच, स्कॉटलंडजवळच्या त्या बेटांवरचं. तो तर तुझ्याच लाइपझिगचा, १८३५ पासून तुमच्या गेवांडहाउसच्या, त्या कॉन्सर्ट हॉलच्या, ऑर्केस्ट्राचा कंडक्टर होता. हे सुचलं तेव्हा वीस वर्षांचा, मित्राबरोबर स्कॉटलंडला भटकायला गेलेला. ७ ऑगस्ट १८२९ ला घरी पाठवलेल्या पत्रात त्याने सुरुवातीची धूनच लिहून पाठवली, तिथे काय वाटतंय ते कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी स्टाफा बेटावरची गुहा बघायला बोटीने गेले आणि याला बोट लागली. आणि ती बातमी घरी कशी कळली, तर मित्राच्या पत्रातून! मला तुझा ताप तुझ्या रूममेटकडून कळला तेव्हा हेच आठवलं बघ. सगळी मुलं सारखीच. त्या मेंडेल्सझोनच्या आईचं काय झालं असेल, मला विचार. पुढे अडतिसाव्या वर्षी तिथेच लाइपझिगमध्ये वारला तो. जाऊ दे.

सुरुवातीला व्हायोला, चेलो आणि बासून (फुंकून वाजवायचं खर्जातलं वाद्य) एक छोटीशी ओळ खाली खाली नेतात, तीच परत, तीच परत. तू दुसरीत होतीस, ठाणे लोकलमध्ये एक इअरफोन तुझ्या कानात एक माझ्या, आणि तू म्हणालीस, आई समुद्र आत येतोय. तुला कुणी नाव सांगितलं नव्हतं गं! मी शेजारच्या बाईंना सांगितलं, त्यांना काही कळलं नाही, तरी सांगितलं. मग थोड्या वेळाने चेलो वर चढत जातात ती धून येते, तिथे मुलींना बोलू देऊ नकोस. बाकी कुठेही बोलल्या तरी चालेल.

पीस सुरू व्हायच्या आधी माहिती सांगत बसू नकोस, आधी ऐकवायचं. कुणाला नाही आवडलं तर हिरमुसू नकोस, आजीला अजूनही हे सगळं बँडबाजा वाटतं आणि तरी तुझा गेवांडहाउससमोरचा फोटो तिने देवघराच्या वर लावलाय. तू परक्या गावात चार माणसं जमवून त्यांना जेवायला घालतेस, वर असलं काही ऐकवतेस, हे मी इथे सगळ्यांना सांगत फिरते, कालच बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सांगितलं.

रविवारी काय काय लावलंस, कुणाला काय आवडलं ते सविस्तर कळव. टाइप करू नकोस, व्हॉइस मेसेज पाठव, म्हणजे आवाज कसा आहे तेही कळेल मला. आणि सोमवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन वेळ कळव.

तुझी,
आई

ता. क. सितोपलादि निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे. मधाची बाटली तिथेच घे, पण घे.