रविवारच्या राइडआधी गाडी बघून घ्या (फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी खास)

मंडळी, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला मारुती मंदिरापाशी जमायचं, तिथून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, हे तर ठरलंच आहे. पण पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकलेली गाडी थेट रस्त्यावर काढू नका.

सगळ्यात आधी फॅन बेल्ट. आपल्या इंजिनाला रेडिएटर नाही, ते हवेवर थंड होतं, तो बेल्ट तुटला की डायनॅमोबरोबर कूलिंगचा पंखापण बंद, म्हणून चालवताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला तर "पुढच्या नाक्यापर्यंत जाऊया" करू नका, लगेच बाजूला घ्या. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १५ मिमी आत जायला हवा, जास्त जात असेल तर पुलीच्या दोन भागांमधली एक वॉशर काढून बाहेरच्या बाजूला लावायची. एक स्पेअर बेल्ट आणि पाना प्रत्येकाने आणायचाच.

ऑइल जेमतेम अडीच लिटर असतं आणि इंजिन थंड ठेवायचं बरंचसं काम तेच करतं, त्यामुळे बदलायला कंजुषी नको. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायचा, ०.१५ मिमी. पेट्रोलचे रबरी पाइप कडक झाले असतील तर बदला, मागच्या इंजिनाला आग लागली तर आपण सगळे बघत बसणार. इंजिनाभोवतीचे रबरी सील आणि पत्रे "हवा जास्त लागेल" म्हणून कोणी काढून ठेवले असतील तर परत बसवा, ते काढल्याने उलट गरम हवाच आत खेचली जाते.

आणि हो, फोटोसाठी गाडी वाळूत पुळणीवर घालायची नाही, खारं पाणी खालच्या पत्र्याला काय करतं ते किनाऱ्यावरच्या लोकांना मी काय सांगू. सीटखालची बॅटरी उचलून ती जिथे बसते तो पत्रापण बघा.

कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाश्त्याला आधी सांगावं लागतं.