एका तोलात दोन आसनं

प्रिय दोस्ता,

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून पत्रच लिहायला बसलोय, लांबेल, सवडीने वाच. तुला आठवतं ना, शाळा सुटली की आपण तुमच्या दुकानात मागच्या बाजूला बसायचो, अण्णा मूस भट्टीत ठेवायचे, फुंकणी फुंकायचे, आणि दुकान बंद करताना गादीभोवतालची जागा झाडून तो केरसुद्धा डब्यात जपून ठेवायचे कारण त्यात सोन्याचा कीस असतो. घट, म्हणजे घडवताना कमी होणारं सोनं, किती धरली म्हणून गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की अण्णा न चिडता तराजू पुढे सरकवायचे. गेले दोन महिने मी एका सोनाराबद्दल वाचतोय आणि मला सारखी अण्णांची ती गादी आठवतेय.

त्याचं नाव एलिगियस, फ्रेंच लोक सेंट एलवा म्हणतात. जन्म साधारण ५८८ चा, आत्ताच्या फ्रान्समधल्या लिमोज शहराजवळचा. पोराच्या हातात कला आहे हे बघून बापाने त्याला ॲबो नावाच्या सोनाराकडे शिकायला ठेवलं, हा ॲबो लिमोजची टांकसाळ सांभाळायचा. पुढे तो उत्तरेत गेला, फ्रँक लोकांचा राजा दुसरा क्लोथार याच्या खजिनदाराशी ओळख झाली. राजाला सोन्याचं, रत्नं जडवलेलं आसन हवं होतं (काही अभ्यासक म्हणतात खोगीर असेल, मूळ लॅटिन शब्दाचे दोन्ही अर्थ होतात) आणि मनासारखं करून देणारा कुणी मिळत नव्हता. सोनं तोलून याच्या हातात दिलं. याने आसन करून आणलं, राजा खूश, बक्षीस द्या म्हणाला, तेवढ्यात याने दुसरं आसन आणून समोर ठेवलं आणि सांगितलं की जे सोनं उरलं त्याचंच हे केलं. आता पुढचं अण्णांना वाचून दाखव. चरित्रकार लिहितो की बाकीच्यांसारखं त्याने कानशीने खाल्लं म्हणून सांगितलं नाही की भट्टीच्या खादाड जाळावर ढकललं नाही. अरे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि घटीची कारणं तीच, कानस आणि आग!

हे चरित्र लिहिलं कुणी तर त्याच्या जिवलग मित्राने, दादो त्याचं नाव, रुआँचा बिशप ओदोएन म्हणून पुढे प्रसिद्ध झाला. (आज मिळते ती प्रत नंतर कुणीतरी हात फिरवलेली आहे, पण मित्राचा आवाज तिच्यात ऐकू येतोच.) दोघं दरबारात एकत्र होते, क्लोथारनंतरच्या दागोबेर राजाच्या काळात एलिगियसचा शब्द राजा टाळत नसे, पॅरिसच्या सोन्याच्या नाण्यांवर याचं नाव असायचं. दादो किती जवळून बघतो बघ, उंच, गोरा-लालसर, कुरळे केस, लांब बोटं. आणि कामाला बसल्यावर समोर पुस्तक उघडं ठेवायचा, हात सोन्यावर आणि डोळे मधूनमधून ओळींवर. त्याच्यासमोर थिल नावाचा सॅक्सन (उत्तर जर्मनी-इंग्लंडकडच्या जमातीचा) पोरगा काम करायचा, हा थिल विकत घेतलेला गुलाम होता, नंतर साधू झाला आणि लोक त्यालाही संत मानायला लागले.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण मला तुला खरं हेच सांगायचंय. तेव्हा गुलामांचा बाजार जोरात चालायचा, जहाजातून माणसं उतरवायचे, जास्त करून सॅक्सन. हा बातमी लागली की धावत जायचा, वीस, तीस, पन्नास, कधी शंभरसुद्धा माणसं एकदम सोडवायचा. पैसे संपले की अंगावरचं द्यायचा, पट्टा, झगा, पायातले जोडे. मग राजासमोर नाणं टाकून त्यांना कायदेशीर मोकळं करायचा, मुक्ततेचा कागद द्यायचा आणि विचारायचा, घरी जायचंय तर वाटखर्च देतो, माझ्याबरोबर राहायचंय तर भाऊ म्हणून राहा, मठात जायचंय तर तीही सोय करतो. विचारायचा, हे महत्त्वाचं. पॅरिसमध्ये कुणी त्याचं घर विचारलं तर लोक सांगायचे, जिथे गोरगरिबांची गर्दी दिसेल तिथे जा. जो माणूस राजाच्या सोन्याचा कणही इकडचा तिकडे होऊ देत नव्हता, तो स्वतःचं असं उधळायचा, आणि मला वाटतं हे दोन्ही एकाच हाताचं काम आहे.

६४१ मध्ये तो उत्तर फ्रान्समधल्या नोयोंचा बिशप झाला, दादोला त्याच दिवशी रुआँचं पद मिळालं. इथला एक प्रसंग मला खटकतो ते लपवत नाही. सणाला गावात नाचगाणी चालायची, हा जाऊन बंद करा म्हणायचा, तर लोक म्हणाले, अरे रोमना (हा दक्षिणेकडचा, रोमन वळणाचा म्हणून), तू कितीही बोललास तरी आमच्या चालीरीती तुला उपटता यायच्या नाहीत. पुढे चरित्रात त्या लोकांना शिक्षा झाल्याचं लिहिलंय. मी त्या गावकऱ्यांच्या बाजूने आहे रे. पण मित्राने तो टोमणासुद्धा लिहून ठेवला म्हणून आज त्यांचाही आवाज आपल्यापर्यंत आला.

६६० च्या १ डिसेंबरला तो गेला. राणी बाल्थिल्ड त्याचं शव आपल्या मठात न्यायला आली होती, ती स्वतः एकेकाळी विकली गेलेली सॅक्सन मुलगी. पण शव नोयोंलाच राहिलं. सेंट डेनिसच्या चर्चमधला त्याचा म्हणून सांगतात तो मोठा सुवर्णक्रूस फ्रेंच राज्यक्रांतीत मोडला, एक छोटा तुकडा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, बारीक कप्पे पाडून त्यात रंगीत तुकडे बसवलेले, फोटो पाठवतो. आणि एक, त्याच्या आधीच्या पिढ्यांतल्या फ्रँक दागिन्यांतला बराच तामडा (लाल खडा) आपल्या भारतातून आणि श्रीलंकेतून गेलेला होता हे तपासणीत निघालंय.

सोनार, लोहार, घोड्यांना नाल मारणारे सगळे त्याला आपला मानतात. उत्तर फ्रान्समध्ये बेथ्यून गावात ११८८ साली साथीत माणसं पटापट मरत होती, प्रेतं उचलायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा दोन लोहारांच्या स्वप्नात हा आला अशी कथा आहे, आणि त्यांनी मंडळी जमवून खांदा द्यायला सुरुवात केली. ती मंडळी आजही आहे. काळा पोशाख, डोक्यावर दोन टोकांची टोपी, गरीब असो श्रीमंत असो, पैसे न घेता पायी चालत शवपेटी नेतात.

अण्णांना कानशीचं वाक्य नक्की वाचून दाखव, आणि ते काय म्हणतात ते मला लिहून कळव, मेसेज नको. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच